शॉक बसल्यावर हातापायातलं बळ गेलं तर: पहिल्या मिनिटापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

विहिरीवरच्या स्टार्टरला ओला हात लागतो, झटका बसतो, कुणीतरी लाईट घालवतं आणि माणूस सुटतो. श्वास चालू, बोलणं नीट, कातडीवर फार तर हरभऱ्याएवढा पांढुरका डाग. पण उजवा हात कोपरापासून खाली लुळा. "जोर लावतोय, पण हात ऐकंना झालाय," असं तो माणूस म्हणतो. आसपासचे म्हणतात, बसा जरा, येईल ताकद. बऱ्याचदा खरंच येते. पण कधी कधी त्या 'जरा'मध्ये हात कायमचा जातो. येणारं बळ आणि जाणारं बळ घरबसल्या कसं ओळखायचं आणि कोणत्या वेळी काय करायचं, ते इथे सांगितलं आहे.

हात लुळा का पडतो

घरातला करंट २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तनांचा. तो अंगातून गेला की स्नायू सैल पडायच्या आधीच पुन्हा आखडतात, आणि आखडतच राहतात. हाताची मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असतात, म्हणून वायर 'धरून ठेवते' असं वाटतं. खरं तर आपलीच मूठ सुटत नाही. त्यासाठी साधारण १० ते १५ मिलीअँपियर करंट पुरतो. आता हिशोब बघा. कोरडी कातडी करंटला चांगलाच अडथळा करते, पण हात ओला असेल तर हाच अडथळा हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलीअँपियर. हृदयाची लय बिघडायला याहून बराच कमी पुरतो.

अंगात शिरलेला करंट नसा, रक्तवाहिन्या आणि स्नायू यांतून सहज वाहतो. मनगट आणि कोपर या जागा अरुंद. तिथे हाड आणि स्नायुबंधच जास्त, त्यामुळे सगळा करंट थोड्या जागेत दाटतो. म्हणून मनगटातून जाणाऱ्या मीडियन आणि अल्नर या दोन नसांना सगळ्यात जास्त मार बसतो. कातडीवरचा डाग केवढा यावर आतलं नुकसान कधीही ठरवू नका. डाग म्हणजे फक्त करंट आत शिरल्याची किंवा बाहेर पडल्याची जागा.

बळ जाण्याची कारणं वेगवेगळी, आणि प्रत्येकाचं घड्याळही वेगळं. नुसते आखडून दमलेले स्नायू काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतात. दुखतात मात्र आठवडाभर. नसेला हादरा बसून तिचं काम तात्पुरतं बंद पडलं असेल, पण आतला धागा शाबूत असेल, तर दिवसांपासून सहा ते बारा आठवड्यांत बळ परततं. धागाच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या चालीने वाढतो. कोपरापासून पंजापर्यंत २५ सेंटिमीटर धरले तर आठ महिने.

आकाशातल्या विजेचा प्रकार निराळा. वळवाच्या दिवसांत पन्हाळा-शाहूवाडीकडच्या माळावर वीज जवळ पडली की दोन्ही पाय, कधी हातही, एकदम लुळे, थंड आणि पांढरेफटक किंवा निळसर होतात. नाडी हाताला लागत नाही. नसांच्या धक्क्याने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे हे होतं आणि बहुतेकांमध्ये काही तासांत आपोआप ओसरतं. तरी अशा माणसाला दवाखान्यात न्यायचंच, कारण मणक्याला इजा झाली नाही ना हे नुसतं बघून कळत नाही.

पहिली पाच मिनिटं

आधी करंट बंद. घरात मेन स्विच किंवा एमसीबी खाली. मळ्यात स्टार्टरच्या आधी मेन स्विच असेल तर त्याचं हँडल ओढा. स्टार्टरचं लाल बटण दाबून भागत नाही, कारण दोष स्टार्टरच्या पेटीतच असेल तर बटण दाबूनही पेटीत करंट राहतोच. डीपीकडे धावून स्वतः फ्यूज काढायचा नाही. वायरमनला बोलवा, महावितरणच्या १९१२ वर फोन लावा.

करंट बंद करताच येत नसेल आणि तो घरगुती किंवा मोटरीच्या लाईनचा असेल, तर कोरड्या जागेवर किंवा कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडी दांडक्याने वायर बाजूला करा. मळ्यात हाताशी पहिला येतो तो ऊस. तो उचलू नका. आत रस आहे, तो करंट थेट तुमच्या हातात आणेल. हिरवी फांदी, ओला बांबू, लोखंडी पहार, खुरपं, काहीच नको. आणि अकरा हजार व्होल्टची तार तुटून पडली असेल तर काठीचाही भरवसा धरू नका. तारेपासून किमान दहा मीटर लांब राहा. जवळ असाल तर पाय न उचलता, एकमेकांना चिकटवून घासत मागे सरा. जमिनीत करंट पसरलेला असतो, त्यामुळे झटका बसायला लांब टाकलेलं एक पाऊलही पुरतं.

माणूस सुटल्यावर हाक मारा, छाती हलते का बघा. शुद्ध नाही आणि श्वास नाही, किंवा नुसता उचकीसारखा आचका देतोय, तर १०८ ला फोन करायला सांगून लगेच छाती दाबायला घ्या. कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटलं की आधी दसरा चौकाकडचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आठवतं, पण तिथे पोचेपर्यंत हा दुसरा सीपीआर तुमच्याच हातात आहे: छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. शिकलेलं असेल तर ३० दाबांमागे २ श्वास. नसेल तर नुसतं दाबत राहा. विजेच्या शॉकमध्ये बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू होण्याची आशा चांगली असते. वीज पडून एकाच वेळी चार-पाच जण पडले असतील, तर कण्हणाऱ्याला थांबवा आणि आधी निपचित पडलेल्याकडे जा. कण्हणारा श्वास घेतोय.

शुद्धीवर असलेल्याला लगेच उभं करू नका, खासकरून तो शिडीवरून, खांबावरून किंवा विहिरीच्या काठावरून पडला असेल तर. मान आणि पाठ सरळ ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ, मनगटावरचा दोरा लगेच काढा. तासाभरात सूज आली की ते कापावे लागतात. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, तेल काही नको.

मालिश आणि माती

तालमींच्या या गावात हात गेला म्हटलं की कुणीतरी वस्तादांचं नाव घेतंच. दमलेल्या, मुरगळलेल्या अंगाला तालमीतली मालिश बरी वाटते, याबद्दल वाद नाही. पण शॉकने मार बसलेला स्नायू आतून सुजत असतो. हाताच्या कोपराखालच्या आणि पायाच्या गुडघ्याखालच्या भागात स्नायूंचे गट एका न ताणणाऱ्या पडद्यात आवळून बसवलेले असतात. आतली सूज वाढली की त्याच पडद्याचा फास होतो आणि रक्त आत पोचत नाही. सहा तासांच्या आसपास स्नायू मरायला लागतात. अशा वेळी रगडणं म्हणजे मेलेल्या स्नायूंचा रस रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात ढकलणं. पहिले तीन दिवस तरी मालिश नाही, शेक नाही, घट्ट पट्टी नाही.

अंगातला करंट उतरावा म्हणून माणसाला मातीत किंवा शेणात पुरून ठेवण्याची चाल अजून आहे. वायर सुटल्या क्षणी अंगातला करंट संपतो, उतरायला काही उरत नाही. मातीत फक्त वेळ जातो आणि जखमेत धनुर्वाताचे जंतू शिरतात.

बळ कसं तपासायचं

तपासणी दोन्ही बाजूंची करायची, नाहीतर मुळात किती ताकद होती ते कळत नाही. लहान मुलांचा दगड-कागद-कात्री हा खेळ इथे फार उपयोगी पडतो. दगड, म्हणजे घट्ट मूठ, मुख्यतः मीडियन नस सांगते. कागद, म्हणजे मनगट वर उचलून सगळी बोटं सरळ करणं, रेडियल नस. कात्री करून दोन बोटं फाकवणं, अल्नर नस. त्यात 'छान' म्हणताना अंगठा आणि तर्जनीचा गोल करतो तोही करून बघा. गोल होण्याऐवजी दोन बोटांची टोकं चपटी चिकटली, तर मीडियनची खोलवरची फांदी दबली आहे.

अल्नर नसेचा कमकुवतपणा चटकन कळत नाही, म्हणून एक दहा रुपयांची नोट घ्या. रुग्णाला ती अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यामध्ये, किल्ली धरतात तशी, सपाट धरायला सांगा आणि हळूच ओढा. चांगल्या हातात अंगठा सरळ राहतो आणि नोट ताणली जाते. अशक्त हातात अंगठ्याचं टोकाचं पेर चटकन वाकतं, जणू ते दुसऱ्या स्नायूची मदत उसनी घेतंय, आणि तरीही नोट निसटते. करंगळीलाही विचारा: टोकाला कापूस लावला तर कळतो का?

पायासाठी टाचांवर चार पावलं आणि चवड्यांवर चार पावलं. टाचांवर उभं राहता आलं नाही, चालताना पाऊल फटकन आपटत असेल, तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस किंवा पाठीचा कणा यांचा विचार करावा लागतो. तोल जात असेल तर ही परीक्षा बसूनच घ्या.

नखं पाच सेकंद दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवीत. आणि शेवटी, रुग्णाची बोटं तुम्ही हलकेच सरळ करून बघा. नुसतं एवढं केल्यावर पोटरीसारख्या टणक झालेल्या हातात तो कळवळला, तर पुढचं काही न तपासता गाडी काढा.

हे सगळं एका वहीत वेळेसह लिहा. पहिले सहा तास दर तासाला, मग दिवसभर चार-चार तासांनी, पुढे सकाळ-संध्याकाळ. तात्पुरतं बळ गेलेलं असेल तर वहीत ते स्पष्ट दिसतं. दुपारी एकला मूठ अर्धी, तीनला पाऊण, सहाला पुरी. उलट आधी मूठ होत होती आणि आता होत नाही, हे 'येईल ताकद' म्हणण्याचं प्रकरण नव्हे.

दवाखान्यात कधी आणि काय होतं

हातापायातलं बळ खरोखर गेलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना, बळ परत यायला लागलं असलं तरी. ही वही तिथे दाखवायलाच असते. तासाभराचीही वाट बघायची नाही अशी वेळ म्हणजे: क्षणभर का होईना शुद्ध हरपली होती, छातीत धडधड किंवा दुखणं, हात किंवा पाय टणक सुजणं, लघवी काळ्या चहासारखी, अकरा हजाराची लाईन, करंट एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, दोन्ही पाय गेलेत किंवा लघवी अडली आहे, रुग्ण गरोदर आहे.

तिथे पहिल्यांदा ईसीजी काढतात. घरगुती व्होल्टेज, शुद्ध हरपलेली नाही आणि ईसीजी साफ, असं असेल तर हृदयासाठी बहुधा ठेवून घेत नाहीत; नाहीतर २४ तास मॉनिटरवर. रक्तात सीके, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन बघतात. सीके म्हणजे फुटलेल्या स्नायूंचा हिशोब. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसतं पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, याचा अर्थ स्नायूंमधलं मायोग्लोबिन लघवीत उतरलंय. मग सलाईन भरपूर देऊन तासाला ७५ ते १०० मिलिलिटर लघवी होईल असं बघतात. कातडी थोडीच भाजलीय म्हणून सलाईन थोडं, हा हिशोब इथे चालत नाही.

टणक सूज असेल तर सर्जन स्नायूंवरचा पडदा कापून सोडतात. लांबलचक चीर पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो आणि सही करायला तासभर जातो. तो तास महाग पडतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून विचारा: खांदा बघितला का? शॉकच्या आचक्याने खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो, आणि समोरून काढलेल्या एक्सरेमध्ये तो जागेवर असल्यासारखा दिसतो. हात पोटाशी चिकटलेला, बाहेर वळत नाही, पंजा उताणा करून पसा धरता येत नाही, ही त्याची खूण. बाजूने काढलेल्या एक्सरेत तो सापडतो. 'नस गेली' म्हणून महिनाभर गोळ्या खाल्ल्यावर निखळलेला खांदा सापडणं फार महागात पडतं.

घरी पाठवताना धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या अपघाताची, नोंद, ईसीजी, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. कारखान्यातला किंवा शेतातला अपघात असेल तर नुकसानभरपाईसाठी आणि सरकारी योजनांसाठी हेच कागद लागतात, आणि सहा महिन्यांनी ते पुन्हा मिळवणं शॉकपेक्षा त्रासाचं.

घरी आल्यावर

पहिले तीन दिवस हात उशीवर, हृदयाच्या पातळीला. त्याहून उंच टांगू नका. रक्त पोचायला अडचण होते. डॉक्टरांनी पाणी कमी करायला सांगितलेलं नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर. लघवीचा रंग बघत राहा. दुखण्यावर पॅरासिटामॉल, मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्रुफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, मूत्रपिंडावर आधीच ओझं आहे. जळजळ, सुया टोचल्यासारखं होणं रात्री वाढत असेल तर त्यासाठी वेगळ्या गोळ्या असतात, त्या डॉक्टरच देतील. ताकदीच्या इंजेक्शनांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढावं, एवढंच.

बधिर हाताला चटका कळत नाही. चहाचं पातेलं, तवा, सायलेन्सर यांच्यापासून तो हात लांब. पकड नीट नसताना दुचाकी नाही, कारण ब्रेक आणि क्लच दोन्ही बोटांवरच चालतात.

झोळीत हात अडकवून आठवडे काढू नका. दहा दिवसांत खांदा आखडायला लागतो आणि मग नस बरी झाली तरी हात वर जात नाही.

व्यायाम, जेवढं बळ तेवढाच

बोट जरासुद्धा हलत नसेल तेव्हा दुसऱ्या हाताने प्रत्येक सांधा पूर्ण वाकवून पूर्ण सरळ करा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. यामुळे बळ येत नाही, फक्त सांधे मोकळे राहतात. मनगट लोंबत असेल तर कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगटाला आधार देणारी कडक पट्टी, लावून ते वीस ते तीस अंश वर ठेवा. पाऊल लोंबत असेल तर त्याचाही स्प्लिंट मिळतो, आणि तो लावल्याशिवाय घराचे उंबरे ओलांडू नका.

थोडी हालचाल दिसू लागली की टेबलावर टाल्कम पावडर पसरून हात त्यावर आडवा सरकवा. वजन उचलावं लागत नाही, म्हणून अशक्त स्नायूलाही काम करता येतं. पुढे हवेत उचलणं जमलं की मगच वजन: अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरे. मुठीसाठी भाकरीचं नव्हे, चपातीचं पीठ घ्या. ज्वारीचं पीठ फुटतं, कणकेचा गोळा दाबल्यावर हाताला उलट जोर देतो. पाच मिनिटांनी थरथर सुटली तर थांबा. 'नो पेन, नो गेन' हे जोरबैठकांना ठीक, नसेला नाही.

प्रगती मोजायला भाकरी उत्तम. एका हाताने, ताट न धरता, भाकरीचा तुकडा मोडणं हे अंगठा-तर्जनीच्या चिमटीचं काम आहे. शर्टाचं वरचं बटण हे दुसरं. म्हशीची धार काढणं सगळ्यात शेवटी, कारण त्यात मूठ, अंगठा आणि करंगळी तिन्ही अर्धा तास न थांबता लागतात.

तीन आठवड्यांनीही बळ कमी असेल तर ईएमजी (स्नायूंची) आणि एनसीव्ही (नसांची) या तपासण्या करा. त्याआधी करून 'नॉर्मल' आलेल्या अहवालावर विसंबू नका. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा पहिले काही दिवस करंट वाहून नेतो आणि स्नायूंमधले बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तीन महिन्यांत काहीच हालचाल नसेल तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्याला दाखवायला उशीर नको.

सगळे अहवाल चांगले आणि तरी हात हलत नाही, असंही होतं. तो ढोंग करत नसतो. मेंदूने त्या हाताला वापरातून काढलेलं असतं, त्यात स्विचकडे बघूनही छाती धडधडते, झोप लागत नाही. अशा माणसाला फिजिओथेरपीबरोबर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतली तर बऱ्याचदा हात परत येतो.

दोन गोष्टी उशिरा येतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पाय जड, ताठर होऊ लागणं म्हणजे मणक्यातल्या मज्जारज्जूला झालेली इजा आता बोलू लागली आहे. आणि करंट डोक्याजवळून गेला असेल, तर काही महिन्यांनी नजर धूसर होऊन मोतीबिंदू निघू शकतो.

पुन्हा कामावर

दोन्ही हातांची पकड सारखी झाल्याशिवाय शिडी, खांब, विहीर, वेल्डिंग नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, कारखान्यांच्या वस्तीतल्या, शेडमध्ये घामाने भिजलेला हातमोजा घालून वेल्डिंग करणाऱ्यासाठी तर आधीच सुकी जोडी हवी. आणि ज्या स्टार्टरने झटका दिला तो आधी वायरमनकडून उघडून घ्या. पंचगंगेच्या पुरात बुडालेली पेटी वरून सुकलेली दिसते, आत गाळ आणि ओल तशीच असते. पेटीची आणि मोटरीची अर्थिंगची वायर शाबूत आहे का, खड्ड्यापर्यंत पोचते का, की मध्येच उंदराने खाल्ली आहे, ते डोळ्यांनी बघा. घरात ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की आपोआप लाईन तोडणारा स्विच, बसवा, आणि बसवल्यावर महिन्यातून एकदा त्याचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा. लगेच खटका पडला नाही तर तो बदलायचा.